खुले पत्र: माहिती दिलीत, तर ज्याची दिलीत त्यालाही कळवा

प्रति,
समाजमाध्यमे, ईमेल आणि संदेशसेवा चालवणाऱ्या कंपन्यांचे भारतातील मुख्य अनुपालन अधिकारी व नोडल संपर्क अधिकारी

सप्रेम नमस्कार,

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात मी फौजदारी वकिली करतो. पूर्वी दोषारोपपत्र उघडले की फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि वैद्यकीय अहवाल एवढेच कागद हाती लागत. आता त्यांच्या मागे आणखी एक कागद जोडलेला असतो आणि तो आपल्याकडून आलेला असतो. खाते कोणत्या नावाने व कोणत्या मोबाईल क्रमांकावर उघडले, केव्हा उघडले, कोणकोणत्या वेळी कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून) वापरले गेले, याचा तो तक्ता असतो. गावच्या साक्षीदाराला उलटतपासणीत चार प्रश्न तरी विचारता येतात. या तक्त्याला काय विचारावे हेच पुष्कळांना सुचत नाही. ज्याच्याविषयी तो आहे त्या माणसाला तो पहिल्यांदा दिसतो, तो दोषारोपपत्राची नक्कल हाती पडल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा अटक, कोठडी आणि जामीन हे सगळे होऊन गेल्यावर. माझे मागणे या मधल्या काळाविषयी आहे. कायद्याने मागितलेली माहिती आपण जरूर द्यावी. पण ज्याची दिली त्याला, त्याला समजेल अशा भाषेत आणि त्याच्यापर्यंत पोचेल अशा मार्गाने, तसे कळवावे.

ही मागणी कोणत्या कायद्याखाली येते ते आपल्याला ठाऊक आहे, परंतु हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या कलम ९१ चे काम आता कलम ९४ करते आणि त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशवहनाचा व डिजिटल पुरावा असू शकणाऱ्या उपकरणांचा स्पष्ट उल्लेख आला आहे. या कलमाखाली न्यायालय जसे समन्स काढू शकते, तसा ठाणेदारही स्वतःच्या सहीने लेखी आदेश देऊ शकतो. त्याला दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. आता लगतचेच कलम पाहावे. टपाल खात्याच्या ताब्यात असलेले पत्र तपासासाठी हवे असेल, तर कलम ९५ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांपैकी कोणाचा तरी आदेश लागतो. असा आदेश येईपर्यंत जिल्हा पोलीस अधीक्षकांनाही फार तर ते पत्र शोधून अडवून ठेवायला सांगता येते. म्हणजे पांढरकवड्याच्या डाकघरात पडून असलेल्या ५० पैशांच्या पोस्टकार्डाला कायद्याने जे कुंपण घातले आहे, ते एखाद्या माणसाच्या कित्येक वर्षांच्या लॉगिन नोंदींना नाही. त्यामुळे कोणा न्यायाधिकाऱ्याने आधी वाचायला हवा होता तो कागद बाहेरचा माणूस म्हणून प्रथम आपणच वाचता, आणि पुष्कळदा आपल्यानंतरही तो कोणी वाचत नाही.

संदेशांचा मजकूर आम्ही परस्पर देत नाही, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. ज्या कंपन्या अमेरिकेच्या आहेत त्यांना तिथल्या कायद्याप्रमाणे मजकूर थेट परदेशी पोलिसांना देता येत नाही; त्यासाठी दोन देशांतील परस्पर कायदेशीर साहाय्य कराराचा लांबचा रस्ता धरावा लागतो. पण आमच्या भागातले बहुतेक खटले मजकुरावर उभे राहतच नाहीत, कारण मजकुराचा स्क्रीनशॉट फिर्यादीने आधीच दिलेला असतो. प्रश्न एवढाच उरतो की तो लिहिला कोणी, आणि त्याचे उत्तर म्हणून आपला तक्ता पुढे येतो.

तपासाला माझा विरोध आहे असा ग्रह कृपया करून घेऊ नये. मी फिर्यादीच्या बाजूनेही उभा राहतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या नावाने बनावट खाते उघडून तिचे फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवले जातात, तेव्हा खाते चालवणारा कोण हे आपल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. असे एक प्रकरण माझ्याकडे होते. तपास अधिकाऱ्याने रीतसर पत्र पाठवले, संबंधित कंपनीने आधी नमुना चुकला म्हणून ते परत केले, मग उत्तर इतक्या उशिरा दिले की तोपर्यंत मुलीचे लग्न मोडून गेले होते. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर पहिल्या काही तासांचे मोल काय असते, हे ज्याचे कापसाचे पैसे खात्यातून गेले आहेत त्याला विचारावे. तेव्हा माहिती लवकर मिळालीच पाहिजे. माझा आग्रह एवढाच आहे की त्या माहितीतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे माहिती देतानाच स्पष्ट असावे आणि ज्याच्यावर तिचा परिणाम होणार त्याला बोलायची संधी मिळावी.

ही संधी आमच्याकडे विशेष गरजेची का आहे, ते सांगतो. आपल्या व्यवस्थेने असे धरले आहे की एक खाते, एक क्रमांक आणि एक माणूस ही तिन्ही एकच. आमच्या गावांत तसे नसते. घरात अँड्रॉइड मोबाईल बहुधा एकच. सकाळी तो बापाच्या खिशात असतो, दुपारी सुनेच्या हातात आणि रात्री पोराजवळ. सिमकार्ड थोरल्या भावाच्या आधारवर घेतलेले, कारण धाकट्याच्या आधारवर नाव चुकले होते. शेतात सोबत काम करणाऱ्याच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन पीक विम्याचा अर्ज भरला जातो, ई-पीक पाहणी शेजाऱ्याच्या फोनवरून होते, आणि फार्मर आयडीसाठी आलेला ओटीपी सेवा केंद्रावर सर्वांसमोर मोठ्याने सांगितला जातो. मोबाईल घेतला त्या दिवशी दुकानदारानेच जीमेल उघडून दिलेले असते. पासवर्ड त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिला, ती चिठ्ठी कधीच हरवली, आणि पुढे फोन बदलला की तोच दुकानदार नवे खाते उघडतो. या सगळ्यात लपवाछपवी काही नाही, गरीब घरांत वस्तू अशाच वापरल्या जातात. पण आपल्या तक्त्यात जे नाव उमटते ते सिम ज्याच्या आधारवर आहे त्याचे, आणि पोलिसांची गाडी त्याच्याच दारात येते.

यातून काय होऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांविषयी अत्यंत आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला आणि पुणे पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आयपी अ‍ॅड्रेस मिळाला. तो कोणत्या ग्राहकाकडे होता हे इंटरनेट जोडणी पुरवणाऱ्या कंपनीने सांगितले, आणि त्यावरून बंगळुरूतल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक झाली. ५० दिवस तो तुरुंगात होता. नंतर निष्पन्न झाले की तो आयपी अ‍ॅड्रेस त्याचा नव्हताच. तो सुशिक्षित होता, संगणकाचाच जाणकार होता, त्याच्या पाठीशी उभी राहणारी माणसे होती, बातम्या छापून आल्या. तरीही इतके दिवस गेले. झरी-जामणीतला कोलाम तरुण किंवा वाशीमचा फासेपारधी त्याच्या जागी असता, तर त्याची गोष्ट आपल्याला कळलीही नसती. फासेपारध्यांचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मतः ठपका ठेवण्याची वाट उघडली, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही संशयाचे पहिले बोट त्यांच्याच बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, वळते. अशा ठिकाणी यंत्रातून निघालेला कागद हा आधीच बनलेल्या मताला हवा असलेला पुरावा ठरतो.

२००७ पेक्षा आजची स्थिती या बाबतीत अधिक गुंतागुंतीची आहे. मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी अ‍ॅड्रेस एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. नेमका ग्राहक ओळखायचा तर आयपी अ‍ॅड्रेसबरोबर पोर्ट क्रमांक (त्या सामायिक पत्त्यावरची प्रत्येक जोडणी वेगळी दाखवणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. आपल्यापैकी अनेकांच्या उत्तरांत पोर्ट क्रमांक नसतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. हे एका कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते, किंवा इंग्रजी संक्षेपाने सुचवलेले असते. रात्री साडेदहाची नोंद पाहून तीच वेळ पुढच्या पत्रात उतरवणाऱ्या हवालदाराला दोष देता येत नाही. पण प्रत्यक्षात ती दुसऱ्या दिवशी पहाटे चारची असते, आणि त्या वेळी तो आयपी अ‍ॅड्रेस भलत्याच कोणाकडे असू शकतो. उत्तरासोबत भारतीय प्रमाणवेळेचा वेगळा रकाना द्यायला आणि ‘या नोंदीवरून खाते वापरणारी व्यक्ती निश्चित होत नाही’ असे एक वाक्य मराठीत लिहायला आपल्याला किती खर्च येईल? पुराव्याच्या दृष्टीने त्या एका वाक्याचे वजन मात्र मोठे आहे.

आपली अडचण मला समजत नाही असे नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अधिकृत यंत्रणेचा आदेश आल्यापासून ७२ तासांत माहिती द्यायला सांगितले आहे, आणि मुख्य अनुपालन अधिकाऱ्यावर व्यक्तिशः जबाबदारी टाकली आहे. माहिती दिली नाही तर प्रश्न आपल्याला विचारला जातो. चुकीची किंवा गरजेपेक्षा जास्त दिली तर भोगतो तिसराच, आणि तो आपल्यापर्यंत कधी पोचत नाही. अशा मांडणीत कोणताही अधिकारी देऊन मोकळा होणारच. पण त्याच नियमात असेही म्हटले आहे की आदेश लेखी असावा आणि माहिती कशासाठी हवी ते त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. ‘तपासकामी आवश्यक’ या दोन शब्दांना उद्देश म्हणता येणार नाही. गुन्हा क्रमांक, कलम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी हव्यात आणि त्यांचा गुन्ह्याशी संबंध काय, एवढे नसेल तर पत्र परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला आहे. नमुना चुकला म्हणून पत्र परत करणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू व हेतूच्या प्रमाणात असलेला उपाय या तिन्ही गोष्टी लागतील असे सांगितले. त्याच निकालाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणातील फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि मिळवलेली ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. तिथे निदान गृह सचिवांच्या पातळीवरचे आदेश होते. कलम ९४ च्या पत्रामागे तेवढीही चाळणी नसते.

आता कळवण्याविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याच्या कलम ११ ने आपली माहिती कोणाकोणाला दिली हे विचारण्याचा हक्क नागरिकाला दिला आणि लगेच पुढच्या पोटकलमात गुन्ह्याच्या तपासासाठी लेखी मागणीवरून दिलेली माहिती त्यातून वगळली. म्हणजे माझ्या अशिलाने विचारले तर उत्तर द्यायला आपण बांधील नाही. परंतु बांधील नसणे आणि मनाई असणे यांत फरक आहे, आणि माझ्या मागणीचा सगळा आधार या फरकावर आहे. कलम ९४ मध्ये मागणी गुप्त ठेवण्याची अट नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ खाली संदेश अडवण्याचे जे आदेश निघतात त्यांना गुप्ततेचे नियम आहेत. तिथे आपले तोंड बांधलेले आहे हे मान्य. पण तालुक्याच्या ठाण्यातून साध्या गुन्ह्यासाठी आलेल्या पत्राला ते नियम लागू करून घेऊन आपण गप्प बसता, ते सोयीपोटी.

आपल्यापैकी काही कंपन्यांच्या जाहीर धोरणांत असे लिहिलेले आहे की कायद्याची मनाई नसेल तर माहिती देण्यापूर्वी वापरकर्त्याला कळवले जाईल. ते धोरण आमच्यापर्यंत येताना कुठे अडते, हे वर आलेल्या दुकानदाराच्या जीमेलवरून आपल्या लक्षात यावे. आपण इंग्रजीत ईमेल पाठवता, तो जो इनबॉक्स कोणी कधी उघडला नाही त्यात जाऊन पडतो, आणि आपल्या नोंदीत ‘वापरकर्त्यास सूचित केले’ अशी खूण होते. वापरकर्त्याकडून संमती घेण्यासाठीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करून देणे वरील अधिनियमाने आपल्यावर बंधनकारक केले आहे. माहितीची चोरी किंवा गळती झाली तर प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवणेही बंधनकारक आहे. म्हणजे मराठीत लिहिण्याची आणि माणसापर्यंत पोचण्याची यंत्रणा आपल्याला उभारावी लागणारच आहे. मग तिचाच उपयोग करून त्या मोबाईल क्रमांकावर मराठी एसएमएस का जाऊ नये? ‘आपल्या खात्याची माहिती अमुक पोलीस ठाण्याने अमुक कायद्याखाली मागितली आहे, हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावे किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा.’ इतके पुरे आहे. एसएमएस त्याला स्वतःला वाचता आला नाही तर सून वाचून दाखवील, कारण फोन तसाही तिच्याच हातात असतो.

आधी कळवल्याने आरोपी पुरावा नष्ट करील, हा आक्षेप खोटा नाही. लहान मुलांवरील अत्याचार, अपहरण, जिवाला धोका, अशा प्रकरणांत आधी कळवू नये. पण तिथेही न कळवण्याला मुदत असावी. तपास अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावे, आपण ठरावीक दिवस थांबावे, मुदत संपली की कळवावे, आणि मुदतवाढ हवी असेल तर पुन्हा लेखी कारण मागावे. बाकीच्या प्रकरणांत, नोंदी आपल्याच सर्व्हरवर असताना आणि वापरकर्त्याला त्या पुसता येत नसताना, पुरावा नष्ट होण्याची भीती दाखवण्यात फारसा अर्थ नाही.

कंपन्यांनी सरकारच्या मागणीला कधी प्रश्न विचारलेच नाहीत असेही नाही. अमेरिकेत याहूने २००८ मध्ये गुप्त न्यायालयात सरकारशी भांडण केले, आणि मागणी मान्य न केल्यास दररोज अडीच लाख डॉलर दंडाची धमकी तिला मिळाली होती, हे २०१४ मध्ये उघड झाले. त्याच कंपनीने दिलेल्या माहितीच्या आधारे चीनमध्ये २००५ साली एका पत्रकाराला दहा वर्षांची शिक्षा झाली होती, हेही विसरून चालणार नाही. सिग्नल या संदेशसेवेला २०१६ मध्ये अमेरिकेतील ग्रँड ज्युरीचे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे) समन्स आले, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले या दोनच तारखा तिला देता आल्या, कारण त्यापलीकडे तिने काही साठवलेलेच नव्हते. जे आपण गोळा करत नाही ते द्यावेही लागत नाही. पण तो आपल्या धंद्याचा प्रश्न आहे आणि या पत्राने तो सुटेल असे मला वाटत नाही.

एका गोष्टीत मात्र आपल्यापैकी एका कंपनीने घेतलेली भूमिका आमच्या उपयोगाची आहे. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची तयारी ठेवायला सांगितले आणि व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. या नियमाला मर्यादा आहेत. गंभीर गुन्ह्यांतच आणि न्यायालयाच्या किंवा कलम ६९ च्या आदेशानेच तो वापरता येतो. तरी त्यात असे आहे की मूळ संदेश परदेशातून आला असेल, तर भारतात तो पहिल्यांदा पाठवणाराच मूळ प्रेषक मानला जाईल. आमच्या शेतकऱ्यांच्या गटांत बोंडअळीच्या फोटोपासून निवडणुकीच्या अफवेपर्यंत सगळे येते आणि न वाचता पुढे जाते. दुबईला कामाला गेलेल्या भाच्याने पाठवलेला व्हिडिओ मामाने गावच्या गटात टाकला, की कायद्याच्या नजरेत मामा मूळ प्रेषक. गटाच्या अ‍ॅडमिनवर गुन्हे नोंदवण्याचीही एक लाट येऊन गेली. गोंदिया जिल्ह्यातील अशा एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले की दुसऱ्या सदस्याच्या संदेशासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. हा निकाल येईपर्यंत तो अ‍ॅडमिन काही वर्षे आरोपी होता.

आपण सहामाही पारदर्शकता अहवाल काढता, त्याबद्दलही थोडे. फेसबुकने २०१३ मध्ये पहिला अहवाल काढला, तेव्हा सहा महिन्यांत भारतातून ३,२४५ मागण्या आल्या होत्या आणि त्यांपैकी निम्म्यांना काही ना काही माहिती मिळाली होती. तेव्हाही अमेरिकेनंतर सर्वाधिक मागण्या भारताच्याच होत्या आणि मागण्यांची संख्या त्यानंतर अनेक पटींनी वाढली आहे. पण संपूर्ण भारतासाठी एकच आकडा असतो. महाराष्ट्रातून किती मागण्या आल्या, त्यांत न्यायालयाचे आदेश किती आणि ठाण्याची पत्रे किती, कोणत्या प्रकारच्या गुन्ह्यांसाठी, किती परत पाठवली, किती जणांना कळवले, हे त्यात सापडत नाही. विधिमंडळात आमच्या आमदाराने प्रश्न विचारायचा म्हटला तरी त्याच्या हाती काही नसते.

शेवटचा मुद्दा आम्हा वकिलांच्या कामाचा आहे. कलम ९४ हे केवळ पोलिसांसाठी नाही. आरोपीच्या अर्जावरूनही न्यायालय समन्स काढू शकते. आपल्या अशिलाच्या खात्यात त्या रात्री दुसऱ्या उपकरणावरून कोणी शिरले होते का, पोर्ट क्रमांक काय होता, हे बचावाच्या वकिलाला विचारायचे असते. पोलिसांसाठी आपण स्वतंत्र पोर्टल आणि चोवीस तास उपलब्ध असणारा अधिकारी ठेवला आहे. आमच्या न्यायालयाने काढलेले समन्स मात्र एका कंपनीच्या भारतातील कार्यालयातून ‘माहिती परदेशातील मूळ कंपनीकडे आहे, तिकडे संपर्क साधावा’ असा शेरा घेऊन परत आले. तीच माहिती त्याच खटल्यात पोलिसांना त्याच कार्यालयाने मिळवून दिली होती. तालुका न्यायालयांच्या समन्ससाठी एक पत्ता, एक ईमेल आणि उत्तराची ७२ तासांचीच मुदत आपण जाहीर करावी, आणि ती जिल्हा वकील संघांना मराठीत कळवावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वकील, जिल्हा यवतमाळ